परशाअण्णांच्या वहीतलं ‘बेड’

परशाअण्णांना सिनेमांची नावं लक्षात राहत नसत. उभं आयुष्य त्यांनी लोकांना भुताखेतांचे, खूनखराब्याचे, पोस्टरवर बाई आणि कवटी शेजारी शेजारी असलेले सिनेमे सुचवले. पण नाव विचारलं की कपाळाला हात लावायचे. “त्यो रं, मांजराचा.” किंवा, “त्यो, ज्यात सासू शेवटपर्यंत मरत न्हाय त्यो.” ज्या सिनेमांची सालं, कंपन्या आणि मिनिटं संग्राहक लोक पाठ करून ठेवतात, त्यांना अण्णांकडे गल्लीतल्या पोरांना असतात तशी घरगुती नावं होती.

बेळगावच्या शहापुरात, विणकरांच्या गल्लीत त्यांचं घर. मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, पुढच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी. मी जवळच्याच कंग्राळी गावचा. कॉलेजला असताना सायकलवरून तिथं जायचो. मागांच्या खडखडाटात गिऱ्हाईक ओरडून सिनेमा मागायचं आणि अण्णा ओरडूनच प्रश्न विचारायचे. त्यामुळं कुणाला कसला सिनेमा बघायचाय हे सगळ्या गल्लीला कळायचं. अब्रू सांभाळणारी माणसं म्हणून दुपारी एक वाजता यायची. त्या वेळी माग जेवणासाठी बंद असत.

अण्णांचे प्रश्न सिनेमाबद्दल नसत. “घरात कोण कोण हाय? जेवून बघणार का आधी? परवा नेलेला संपवलास का मधीच झोपलास?” उत्तरं ऐकून ते मागं न बघता हात फळीवर न्यायचे आणि एक कॅसेट पुढं ठेवायचे. तो सिनेमा चांगला आहे की वाईट, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. “तुला चालंल,” एवढंच म्हणायचे.

एकदा बदली होऊन आलेले एक पोस्टमास्तर दुकानात आले. त्यांना सगळ्यात भयंकर असेल तो सिनेमा हवा होता. अण्णांनी विचारलं, “बिऱ्हाड आणलंय का?” बिऱ्हाड धारवाडला होतं, हे एकटेच खासबागेत खोली घेऊन राहत होते. अण्णांनी एक कॅसेट दिली. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर तावातावानं परत आले.

“अहो, ह्यात भुताच्या हातात घड्याळ आहे! गळा दाबताना चक्क दिसतंय.”

“व्हय की,” अण्णा म्हणाले. “एकटं ऱ्हाणाऱ्या माणसाला असलंच भूत द्यावं. येळ तरी इचारता येती.”

पोस्टमास्तर आधी रागानं बघत राहिले, मग त्यांचं पोट हलायला लागलं. पुढची तीन वर्षं दर शनिवारी ते यायचे आणि दारातूनच विचारायचे, “अण्णा, आज किती वाजलेत?”

अण्णा सिनेमा बघायचे तो विणकराच्या डोळ्यानं. साडी हातात आली की त्यांचा अंगठा आपोआप पदराच्या उलट्या बाजूला जायचा. विणणाऱ्यानं कुठं घाई केलीय, धागा कुठं तुटून जोडलाय, ते तिथं दिसतं. सिनेमाचंही तसंच. पडद्यावर चेटकीण किंचाळत असायची आणि अण्णा कोपऱ्याकडं बोट करायचे. “ते पडद्याआडनं धूर सोडणाऱ्याचं पाय बघ. चप्पल तुटलीया बिचाऱ्याची.” सात-आठ निरनिराळ्या सिनेमांत एकच प्लास्टिकची कवटी वापरली होती, हे त्यांनी शोधून काढलं होतं. तिचा खालचा एक दात पडलेला होता. ती आली की अण्णा सावरून बसायचे. “आला बघ आपला दातपडका!” बाहेरगावी गेलेला भाऊ स्टँडवर उतरल्यासारखा त्यांना आनंद व्हायचा.

“असले सिनेमे करणाऱ्याला कुणी मान देत न्हाय रं,” एकदा ते मला म्हणाले होते. “बघणारा बी चोरून बघतोय. पण विहिरीत दोरी सोडणारा, रंगाचं रगत कालवणारा, त्यानं दिवसभर काम केलेलंच असतंय की. त्याचं काम कुणीतरी बघाय नको?”

मी पुढं शिक्षक झालो. बेळगावातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. कॅसेटी गेल्या, लायब्ररी बंद पडली, दोनातला एक माग भंगारात गेला. पण अण्णांनी फळ्या उतरवल्या नाहीत. रविवारी मी जायचो. एखादी कॅसेट लावून आम्ही दोघं बघायचो, मध्येच अण्णा टीव्ही थांबवून एखादा कोपरा दाखवायचे. ते मला ‘मास्तर’ म्हणायला लागले होते, त्यात थोडी थट्टा असायची.

मग कुठूनतरी ह्या विसरलेल्या सिनेमांना दिवस आले. पुण्यातल्या, बेंगळुरातल्या चांगल्या नोकऱ्यांतल्या मुलांना जुन्या कॅसेटींचं वेड लागलं. कुणाकुणाला पत्ता विचारत लोक अण्णांकडं यायला लागले. बेंगळुरात नोकरी करणारा एक मराठी इंजिनिअर तर पांढरे सुती हातमोजे घालून आला. कॅसेट धरताना बोटांचं तेल लागू नये म्हणून. अण्णा त्याच्या हातांकडं टक लावून बघत राहिले.

“जेवताना बी घालतोस का रं हे?”

मुलगा लाजला. अण्णांनी त्याला आधी घरात नेऊन भाकरी खायला लावली. मग विचारलं, “न्हेऊन बघणार का ठेवणार?”

“ठेवणार, अंकल. सीलबंद कपाटात. बघितल्या की टेप झिजते.”

“मग कुठली बी ने,” अण्णा म्हणाले. “बंदच ठेवायच्या तर सगळ्या सारख्याच.”

तो मुलगा हसावं की रागवावं ह्या विचारात तासभर फळ्यांपुढं उभा होता. शेवटी त्यानं मोजे काढून खिशात ठेवले आणि म्हणाला, “तुम्हीच सांगा, मी बघतो.” अण्णांनी त्याला मांजराचा दिला.

आता माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण पुढचं जे घडलं ते माझ्यामुळं.

त्या संग्राहकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. इंजिनिअर मुलानं मला त्यात घेतलं. मी दर रविवारी एका विसरलेल्या सिनेमाबद्दल लिहायला लागलो. कुठला सिनेमा कुणी, कधी, कसा बघावा, त्यात कुठल्या कोपऱ्यात काय दडलंय, असं. सगळं अण्णांचं. मी फक्त नावं आणि सालं शोधून जोडायचो, वाक्यं नीट करायचो. सुरुवातीला ‘आमच्याकडचे एक जुने जाणकार म्हणतात’ असं लिहीत होतो. चार-पाच रविवारांनी ते वाक्य जड वाटायला लागलं, म्हणून काढून टाकलं. शाळेत माझं कुणी फारसं ऐकत नाही, घरी मुली आपापल्या अभ्यासात. इथं दीडशे माणसं माझ्या चार परिच्छेदांची वाट बघत होती, मला ‘सर’ म्हणत होती. अण्णांना मी एवढंच सांगितलं होतं, की लोकांना तुमचं बोलणं आवडतं. त्यांना ते पुरेसं वाटलं.

अण्णांची एक वही होती. लांबट, दोऱ्यानं शिवलेली, पूर्वी तिच्यात साड्यांच्या नक्ष्या काढलेल्या. मागच्या पानांवर त्यांनी सिनेमे लिहिले होते, आपल्याच नावांनी. पुढं एखादा शब्द. ‘जेवून’, ‘एकट्यानं न्हाय’, ‘हसण्यासाठी’, ‘म्हाताऱ्यांना’. अशा दोन-अडीचशे ओळी. त्यांतली एकच ओळ वेगळी होती : ‘विहिरीचा. निपाणी आक्का. बेड.’

बेड म्हणजे नको. कन्नडातला शब्द. मी एकदा विचारलं होतं, की बाकी सगळं मराठीत आणि हेच कन्नडात का? अण्णा म्हणाले, “मराठीत ‘नको’ म्हटलं की माणूस पुन्यांदा इचारतोय, का नको म्हणून. ‘बेड’ म्हटलं की इषय संपला.”

पण मला त्यांनी विषय सांगितला होता. कुसुमाक्का निपाणीची. तरुणपणी नाटक कंपनीत होती. तिथून कुणीतरी तिला एका भुताच्या सिनेमात नेलं. गावातली मुलगी विहिरीवर पाणी काढते, खालून हात येतो, ती ओढली जाते, एवढंच तिचं काम. दोन दिवसांचं. सिनेमा आला तेव्हा विहिरीच्या आधी एक अंघोळीचा तुकडा होता. तिनं तो केलाच नव्हता. सिनेमा चालत नाही म्हणून वितरकांनी दुसऱ्याच कुठल्यातरी बाईवर चित्रित केलेला तुकडा मधे घुसवला होता. त्या बाईचं तोंड दिसत नव्हतं, पण आधीही कुसुमाक्का आणि नंतरही कुसुमाक्का. लोकांनी काय समजायचं ते समजलं. नवऱ्यानंही तेच समजलं. लहान मुलाला तिच्याकडं टाकून तो गेला.

लायब्ररी जोरात होती त्या काळात ती एकदा शहापूरला आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की ती कॅसेट इथं मिळते. दुपारी एक वाजता, माग बंद असताना. ती काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले होते, “आक्का, ती बाई तुम्ही न्हवं. मला ठाव हाय.”

कारण अण्णांना जोड दिसला होता. आधी विहिरीवर ऊन डावीकडून, तुकड्यात उजवीकडून. आधी आक्काच्या पायात जोडवी, तुकड्यातल्या पायांत नाहीत. पाण्यात ओढली जाताना पुन्हा जोडवी. “दुसऱ्या मागावरचं कापड हाय ते,” अण्णा मला म्हणाले होते. “लई वंगाळ शिवलंय. पण बघणाऱ्यांचं ध्यान पायाकडं कुठलं असायला?”

आक्का तिथंच पायरीवर बसून रडली होती म्हणे. जगात एका माणसाला न सांगता कळलं होतं. अण्णांनी कॅसेट फळीवरून काढून कपाटात कुलपाखाली ठेवली आणि तिला शब्द दिला, की माझ्याकडनं हा सिनेमा कुणापर्यंत जाणार नाही, की तुमचं नाव. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अण्णा बसनं निपाणीला जायचे. तिनं खानावळ काढली होती, तिथं जेवायचे, घटकाभर बोलत बसायचे, चारच्या बसनं परत. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या जेवणाआधी दोन दिवस अण्णा सदरा स्वतः धुवून वाळत घालायचे. त्याबद्दल मी त्यांना कधी चिडवलं नाही. एवढं तरी मी नीट केलं.

एका रविवारी ग्रुपवर मी वहीच्या एका पानाचा फोटो टाकला. अण्णांचं अक्षर सुरेख होतं, लोकांना दाखवावंसं वाटलं. फोटोच्या तळाला ती ओळ होती. माझ्या लक्षात आलं नाही असं मी पूर्वी लोकांना सांगायचो. लक्षात आलं होतं. कन्नड कुणाला कळणार, असा मी विचार केला होता.

कन्नड कुणाला कळलं नाही, हे खरं. पुण्याच्या एकानं विचारलं, “सर, ही ‘बेड’ कुठली फिल्म? कुठल्याच यादीत नाही!” आणि ग्रुप पेटला. ‘बेड’ नावाचा हरवलेला सिनेमा! नावावरूनच त्यांनी सगळं ओळखलं. पलंग, रक्त, हनीमूनला आलेलं जोडपं. सोलापूरच्या एकानं तर आपण लहानपणी तो तंबूत पाहिल्याचं सांगितलं, पलंग हलताना बायका उठून गेल्या होत्या म्हणे. कुणीतरी पोस्टर बनवून टाकलं. दोन दिवस मी शाळेत तास घेता घेता हसत होतो. बेळगावची चार पोरं त्या ग्रुपवर असती तर हे झालं नसतं.

तिथंच थांबलो असतो तर गंमत म्हणून राहिली असती. अण्णांना सांगितली असती, तेही हसले असते. पण तिसऱ्या दिवशी इंजिनिअर मुलानं लिहिलं, “सरांना माहीत असणार. सर, सांगा ना.” मग सगळेच विनवू लागले. मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो, समोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी लिहिलं, की बेड म्हणजे कन्नडात नको. खरा सिनेमा अमुक. नाव लिहिलं, साल लिहिलं. मग लिहिलं, की त्यातला तो कुप्रसिद्ध तुकडा मुळात बनावट आहे आणि त्यातली नटी अजून हयात आहे, निपाणीत खानावळ चालवते. वाक्य संपवताना मला वाटत होतं की मी तिची बाजू मांडतोय, तिच्यावरचा डाग पुसतोय. शेवटचे तीन शब्द त्यासाठी लागत नव्हते. ते मी, मला किती माहीत आहे हे दाखवायला लिहिले.

पंधरा दिवसांत दोघं जण गाडी करून निपाणीत गेले. वाईट मुलं नव्हती ती. ग्रुपमधल्या एकानं नंतर मला त्यांचे फोटो दाखवले. आक्काच्या पाया पडताना दोघांचे चेहरे देवळात असतात तसे होते. दुपारची वेळ होती, पंगत भरलेली होती. तंबाखूच्या वखारीतली माणसं जेवत होती. त्यांत तिचा मुलगा प्रकाश, जो त्याच वखारीत सुपरवायझर आहे, तोही होता. मुलांनी सिनेमाचं जुनं कव्हर पुढं केलं, त्यावर ओल्या साडीतली ती होती, आणि त्यांतला एक म्हणाला, “मावशी, ह्यावर सही द्याल का?”

प्रकाशला आई नाटकात होती एवढंच माहीत होतं.

अण्णांना हे आक्काच्या शेजारणीकडून फोनवर कळलं. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा ते टीव्हीखालचा व्हीसीआर जुन्या लुगड्यात गुंडाळत होते.

“मास्तर, चल. त्या पोराला जोड दाखवायचाय.”

“अण्णा,” मी म्हणालो, “ते माझ्याकडनं गेलं.”

“ठाव हाय. तू धर ह्ये.”

निपाणीला थांबणाऱ्या कोल्हापूरच्या बसमध्ये सव्वा दोन तास मी तो व्हीसीआर मांडीवर घेऊन बसलो होतो. अण्णांच्या पिशवीत कॅसेट. कंडक्टरनं विचारलं, “काय अज्जा, दुरुस्तीला?” अण्णा म्हणाले, “व्हय, बघू हुतंय का.” संकेश्वर गेल्यावर ते एकदाच बोलले. बोटांनी हिशेब करून म्हणाले, “आधीच्या जोडव्यावर थांबवायचं. मग तुकड्यातलं नुसतं पाय. टीव्हीवर वरच्या बाजूला टॉवेल टाकायचा. म्हंजे पोराला वरचं बघाय लागणार न्हाय.” त्यांनी सगळा विचार केला होता.

खानावळीला कडी होती. आम्ही घरात गेलो. प्रकाश खुर्चीवर बसला होता, त्याची बायको दारात. आक्का खाली भिंतीला टेकून. नऊ दिवस मुलगा तिच्या हातचं जेवला नव्हता. भांडण नाही, काही नाही, बाहेर खाऊन येत होता. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक, पिकल्या केसांची, हाताला पिठाचा वास असलेली बाई. अण्णांनी प्रकाशला सगळं सांगितलं. ऊन, जोडवी, पाय. मी टीव्हीच्या मागं वाकून वायर जोडत होतो. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

“काढा ती वायर,” आक्का म्हणाली.

“आक्का, दोन मिंटाचं काम हाय. पोराचा जीव—”

“न्हाय, अण्णा. तुमचं बरोबर हाय. तुम्ही दावलं तर त्याला पटंल बी.” ती मुलाकडं बघत होती. “पण माझ्या पोरानं त्या बाईचं पाय बघून आईवर इस्वास ठेवायचा? असला इस्वास घिऊन मी काय करू? आणि ती बाई बी कुणाची तरी असंलच की.”

प्रकाश मान खाली घालून आपल्या बोटांची नखं बघत होता. तसाच म्हणाला, “मला काय बघायचं न्हाय, काका.” विश्वास बसला म्हणून की तोंड चुकवायला, ते मला कळलं नाही. आक्कालाही कळलं नसावं. तिनं अण्णांपुढची कॅसेट उचलली आणि पिठाच्या डब्यामागं सरकवली.

मग तिनं विचारलं, “त्यास्नी माझा पत्ता कुणी दिला?”

मी वायर गुंडाळत होतो. तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण अण्णा आधी बोलले.

“माझ्या वहीतनं गेला.”

“तुम्ही शबूद दिलता, अण्णा.”

“दिलता.”

“माणूस म्हणून एक तुम्हीच हुतासा. आता तुम्ही बी येऊ नका.”

अण्णांनी मान हलवली. टॉवेल खांद्यावर टाकला. मी अजूनही बोलू शकत होतो. आक्का माझ्याकडं बघतही नव्हती, तिच्या लेखी मी सामान उचलायला आलेला कुणीतरी होतो. मी तसाच राहिलो. प्रकाश उठला, माझ्या हातातून व्हीसीआर घेतला आणि आमच्याबरोबर स्टँडपर्यंत आला.

तो गेल्यावर मी अण्णांना म्हणालो, “मी परत जाऊन सांगतो. आत्ता जातो.”

“कशाला? तुझी शाळा हाय, पोरी हायत. कुठं कुठं नाव जाईल.” ते बाकावर बसले. “आणि मी खोटं कुठं बोललो? वही माझीच न्हवं का? ल्ह्यायचंच नव्हतं मी. डोस्क्यात ठेवलं असतं तर डोस्क्याबरोबर गेलं असतं.”

मला त्या वेळी हायसं वाटलं. खूप दमलेल्या माणसाला कुणी सांगावं, की तुझ्या वाटणीचं काम झालंय, घरी जा, तसं. हे सगळं लिहितोय ते ह्या एका वाक्यासाठी. बाकी चुका बोलण्याच्या ओघात होतात, ह्या हायसं वाटण्याला ओघ नव्हता.

अण्णांनी त्यानंतर सिनेमा सुचवणं सोडलं. संग्राहक यायचे, ते फळ्यांकडं हात करायचे, “काय पायजे ते न्या.” कुणी फार आग्रह केला तर म्हणायचे, “मास्तरला इचारा. त्यांस्नी सगळं ठाव असतंय.” त्या वाक्यात टोमणा होता का, हे मी खूपदा तपासून बघितलं. आवाज अगदी साधा असायचा. पावसाळ्याच्या शेवटापर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. मी ग्रुप सोडला. तरी महिन्यातून एखादा फोन येतो, “सर, ह्या रविवारी काय बघू?” मी म्हणतो, मला माहीत नाही.

अण्णा गेले त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. पेपर तपासायच्या कामासाठी मी कोल्हापूरला निघालो होतो. सकाळी दहाची वेळ, बेळगावचा स्टँड. मी बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. पलीकडच्या फलाटावर निपाणीची गाडी उभी होती आणि तिच्या दाराशी अण्णा. धुतलेला सदरा, हातात पिशवी. कंडक्टर ओरडत होता, “निपाणी, निपाणी, चला.” माणसं चढत होती. अण्णा प्रत्येकाला वाट देत होते. आधी आजाऱ्याला, मग लेकुरवाळीला, मग ज्यांना काहीच घाई नव्हती अशांनाही. शेवटी कंडक्टर म्हणाला, “अज्जा, येतायसा का ऱ्हायतायसा?” अण्णांनी पायरीवर हात ठेवला, तो तिथंच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. गाडी गेली.

वळताना त्यांनी मला बघितलं. हळूहळू चालत खिडकीखाली आले.

“कुठं, मास्तर?”

“कोल्हापूर. पेपर तपासायला.”

“ही निपाणीत थांबती?”

“थांबते. दहा मिनिटं.”

“बरं,” ते म्हणाले. आणखी काहीतरी बोलतील म्हणून मी वाकलो. त्यांनी बसच्या पत्र्यावर हात फिरवला, धूळ बोटाला लागली ती बघितली. “काच लावून घे. हायवेचं काम काढलंय, धूळ लई येती.”

मी काच लावली. गाडी हलली तेव्हा ते तिथंच उभे होते, हात वर केलेला नव्हता.

निपाणीत गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडवरून आक्काची खानावळ तीन गल्ल्यांवर आहे, चालत पाच मिनिटं. बाकीचे लोक चहाला उतरले. ते परत आले, कंडक्टरनं माणसं मोजली आणि घंटी दिली. मी काच लावून बसलो होतो.